मिनिस्ट्री म्हणजे मंत्रालय नव्हे, मामा

आमच्या फॅमिली ग्रुपवर धर्मांतरबंदीचा कायदा हवा की नको यावर रणकंदन चाललंय आणि त्यात मी शहाण्यानं युगांडातल्या गुलू शहरातल्या फुटबॉल मैदानावरचा फोटो टाकला, पोरांच्या टी-शर्टवर बायबलचं वचन छापलेलं. झालं. मामांचा मेसेज, "बाटलास काय रे?" मी लिहिलं, स्पोर्ट्स मिनिस्ट्रीबरोबर व्हॉलंटिअर म्हणून जातो, तर म्हणे तुझी क्रीडामंत्र्याशी ओळख कशी. मिनिस्ट्री म्हणजे चर्चवाल्यांचं सेवाकार्य हो, मंत्रालय नव्हे! आता तिकडून मावसभाऊ उठला, मिशनरी नसते तर मिरजेचं हॉस्पिटल कुणी काढलं असतं? (खरंय, डॉ. वानलेसनी 1894 ला काढलं, आणि मामांचा जन्म तिथलाच, पण ते ग्रुपवर बोलायची सोय नाही.)

मी कोल्हापूरचा, तालमीच्या फुटबॉलवर वाढलेला, शाहू स्टेडियमवर मॅचपेक्षा मारामाऱ्या जास्त बघितल्या. युगांडात साखर कारखान्यात नोकरी. शटडाऊनची सुट्टी मिळाली की कंपालाहून बस पकडायची, करुमाला नाईल ओलांडायची, कडेला बसलेली बबून माकडं बघत गुलूला उतरायचं. हा अचोली लोकांचा मुलूख. तिथला ओळखीचा कोच म्हणाला ये, पोरांना शिकव, म्हणून गेलो.

आता गंमत बघा, आपल्याकडं वाद कशावर, तर बॉल दाखवून पोरं ख्रिश्चन करतात. इथं करायचं कुणाला? अचोली बहुतेक आधीच कॅथलिक नाहीतर अँग्लिकन. आणि धर्माच्या नावानं काय होतं ते या लोकांनी कुणापेक्षाही जास्त भोगलंय. बंडखोरांचा म्होरक्या जोसेफ कोनी इथलाच, बायबलातल्या दहा आज्ञांवर राज्य आणणार म्हणत त्याच्या एलआरए (लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी) या बंडखोर फौजेनं हजारो पोरं पळवली, हातात बंदुका दिल्या. सरकारनं गावं उठवून लोकांना कॅम्पात कोंबलं, एक वेळ अशी आली की जवळजवळ अख्खी अचोली जमात कॅम्पात. एलआरएवाले उचलून नेतील म्हणून पोरं रोज संध्याकाळी गावागावातून चालत गुलूत झोपायला यायची. आणि त्याच धर्माचे गुलूचे कॅथलिक आर्चबिशप ओडामा 2003 मध्ये बाकीच्या धर्मगुरूंना घेऊन, त्यात मुस्लिमही होते, त्या पोरांबरोबर रस्त्यावर झोपले. आता सांगा, मामा बरोबर की मावसभाऊ?

देवाच्या नावाचीही गंमत आहे. ओकोट पि'बितेक नावाचा अचोली कवी, 1956 ला युगांडाच्या टीममधून इंग्लंडला फुटबॉल खेळायला गेला आणि शिकायला तिथंच राहिला, त्यानं लिहून ठेवलंय की मिशनऱ्यांनी म्हाताऱ्यांना विचारलं, तुम्हाला कुणी घडवलं? त्यांना प्रश्नच कळेना. शेवटी एकानं सांगितलं, रुबांगा. रुबांगा म्हणजे पाठीचा कणा वाकडा करून कुबड आणणारं भूत! तेच नाव देवाला चिकटलं, आजही चर्चमध्ये तेच म्हणतात. बाहेरून येऊन घाईत प्रश्न विचारला की असं होतं.

माझी तक्रार नेमकी या घाईवर आहे, प्रार्थनेवर नाही. प्रॅक्टिस संपली की गोल करून प्रार्थना होते, मी बाजूला उभा राहून बॉल मोजतो, गोलकीपर मुसलमान आहे तोही माझ्याबरोबर असतो, आम्हाला आजवर कुणी काही बोललं नाही. पण एकदा परदेशी पाहुण्यांची टीम आली, दोन आठवड्यांसाठी, त्यातल्या एकानं नियम काढला की प्रार्थनेला जो थांबेल त्यालाच खाऊ. मी भांडलो. कोचही भांडला, तो स्वतः पक्का चर्चवाला, म्हणाला भुकेल्या पोराकडून आमेन काढून घेतलं तर ते देवाला पोचतं का? नियम गेला. मला विचाराल तर कायद्यात एवढीच ओळ बघा, मदतीला धर्माची अट आहे की नाही. टी-शर्टवर काय छापलंय ते सोडा.

दुसरं जे डोक्यात जातं ते वेगळंच. पाहुणे पोरांना वर्तुळात बसवून विचारतात, तुमच्या युद्धाच्या आठवणी सांगा. अहो, 2006 ला युद्धविराम झाला, समोरची पोरं तेव्हा जन्मलीपण नव्हती! एकानं मग आजोबांची गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली, पाहुणी रडली, त्याला बूट मिळाले. मी कोचकडं बघितलं, तो आभाळाकडं बघत होता. वर क्षमा कशी करावी यावर पाऊण तास प्रवचन. ज्यांच्यात मातो ओपुत नावाचा समेटाचा विधी आहे, खून झाला की दोन्ही घराणी आधी गुन्हा कबूल करून, भरपाई ठरवून मग एकत्र बसून ओपुत झाडाच्या मुळाचा कडू रस पितात, त्यांना हे काय शिकवणार? आपल्या पेठांमध्येच हे सुरू करायला पाहिजे, शाहू स्टेडियमच्या गेटवर.

बाकी जेवण म्हणाल तर घरच. मालाक्वांग नावाची आंबट पालेभाजी शेंगदाण्याच्या कुटात शिजवतात, डोळे मिटून खाल्ली तर अंबाडीच.

पुढची टीम येणार म्हणून सामानाची यादी मागितली होती. कोचनं आणि मी मिळून पाठवली: टी-शर्ट नकोत, गोलची जाळी दोन, हवा भरायचा पंप, आणि कोचला बोडा-बोडाचं (म्हणजे मोटरसायकल टॅक्सीचं) महिन्याचं भाडं. उत्तर आलं, टी-शर्टची साइज कळवा.