सांगाडा ठणठणीत आहे, म्हणून ट्रेलर घ्यावा का?

अगदी स्वस्तात मिळणारा जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे छोटे घर, घ्यावा की नाही, असे कोणी विचारले की एक उत्तर हमखास मिळते: खालचा लोखंडी सांगाडा आणि टायर ठीक असले, तर बाकीचे सगळे थोडे प्लायवूड, फटी बुजवणारे सीलंट आणि रंग यांत भागते, मेहनत घरचीच असल्यामुळे विकताना पैसेही सुटतात. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु तो ऐकून पहिल्यांदा ट्रेलर घेणारा माणूस नको त्या गोष्टी तपासतो आणि ज्या तपासायला हव्यात त्या तशाच राहतात, म्हणून त्याचा एकेक भाग नीट पाहायला हवा.

पहिली गोष्ट सांगाड्याची. लोखंडाला वरवर गंज चढलेला असला, तरी तो खरवडता येतो, वेल्डिंग करता येते. ट्रेलर निकालात निघतो तो बहुतेक वेळा लाकडामुळे. सर्वसाधारण जुन्या ट्रेलरच्या भिंतीत बारीक लाकडी पट्ट्यांची चौकट असते, तिला बाहेरून पन्हाळीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून पातळ प्लायवूड ठोकलेले असते, आणि छताचा भार हे सगळे मिळून पेलतात. कोपऱ्यावरची पट्टी, खिडकीची कड, छतावरची झडप, वरचे छोटे दिवे अशा ठिकाणांहून पाणी आत शिरते, पट्ट्यांवरून ओघळत सर्वांत खालच्या पट्टीपाशी साचते आणि लाकूड तिथून कुजायला लागते. पत्रा कुजत नाही, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

म्हणून ट्रेलरखाली वाकून पाहण्याआधी आत जावे, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि कोंदट वास येतो का ते पाहावे. मग प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापाशी अंगठ्याने दाबावे. फळी ओल्या पुठ्ठ्यासारखी दबली, तर तिच्या मागचे लाकूड बहुधा गेलेले असते. बाहेर कोपऱ्याच्या पट्टीतली प्लास्टिकची फीत थोडी उचलली की स्क्रूची रांग दिसते. त्यांपैकी सर्वांत खालचा स्क्रू गंजून तपकिरी झालेला असेल आणि फिरवल्यावर घट्ट न होता नुसताच गरगर फिरत असेल, तर त्याला धरून ठेवणारे लाकूड उरलेले नाही. ओल मोजण्याचे साधे यंत्र मिळाले तर उत्तमच: कोरड्या लाकडात आकडा साधारण १५ टक्क्यांच्या आत राहतो, आणि तो सतत २० टक्क्यांच्या वर असेल तर कुजण्याचा धोका असतो. ज्या ट्रेलरच्या भिंती फायबरग्लासचे थर चिकटवून केलेल्या असतात, त्यांचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहावा. फुगवटा दिसला तर आतला थर सुटलेला आहे, आणि तो वरून रंग देऊन बसत नाही.

‘गळती असली तर सीलंट मारा’ हा सल्ला त्याहून घातक आहे, कारण गळती वरून बुजवली तरी आत मुरलेले पाणी आतच राहते. त्यातही जुन्या फटीवर सिलिकॉन फासलेले असेल, तर त्याच्यावर दुसरे काहीही धड चिकटत नाही आणि ते आधी तासून काढण्यातच बराच वेळ जातो. खरी पद्धत म्हणजे पट्टी पूर्ण काढायची, जुना थर खरवडायचा, नवी ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून पट्टी पुन्हा बसवायची आणि मग कडेला सीलंट भरायचे. हे काम घरी नक्की जमते, मात्र स्क्रू धरायला खाली सुके लाकूड हवे. ते नसेल तर भिंत उघडावी लागते; भिंत उघडायची तर खिडकी निघते, आतली कपाटे निघतात, आणि सुट्टीचे म्हणून धरलेले काम कित्येक महिने पुरते.

टायरची नक्षी शाबूत आहे, एवढ्यावरही जाऊ नये. ट्रेलर वर्षानुवर्षे उभा असतो, त्यामुळे नक्षी झिजण्याआधीच रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सात वर्षे उलटलेला टायर बदलायचाच, असे धरून हिशेब करावा. बेअरिंग आणि ब्रेकही उघडून पाहायला हवेत.

मेहनत घरची म्हणून खर्च नाही, हेही पटत नाही. विकत घेणारा वय, बनावट आणि दिसणारी स्थिती पाहून भाव करतो. भिंतीच्या आत बसवलेल्या नव्या पट्ट्यांचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या मागे पिवळट डाग आणि अमोनियाचा वास असेल, तर त्याची थंड करणारी यंत्रणा गळते आहे, आणि एवढा एक खर्चच सगळे गणित बदलू शकतो. शिवाय हौसेने जाड प्लायवूड वापरले की वजन वाढते, आणि ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेली कमाल वजनाची मर्यादा मात्र तीच राहते. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार गाडीला जोडणाऱ्या पुढच्या टोकावर हवा. जड सामान मागे सरकले तर तो घटतो आणि रस्त्यावर ट्रेलर डोलू लागतो.

हा सल्ला काही ट्रेलरना लागू पडतो, हे मान्य करायला हवे. १९६८ साली कॅनडातील विनिपेग येथे सुरू झालेल्या ‘बोलर’सारख्या, फायबरग्लासची दोन अर्धी कवचे जोडून केलेल्या छोट्या ट्रेलरच्या भिंतीत कुजणारी लाकडी चौकट नसते आणि सांधेही कमी असतात, तिथे सांगाडा, तळ आणि खिडक्यांची रबरे पाहिली की बरेचसे पाहून झाले. लाकडी चौकटीच्या ट्रेलरमध्येही ओल एकाच कोपऱ्यापुरती असेल, छत सुके असेल आणि तळ पायाखाली दबत नसेल, तर दुरुस्तीला हद्द असते आणि ती करण्यात खरा आनंदही आहे. पण छत हाताखाली लिबलिबीत लागत असेल आणि दोन-तीन कोपरे दबत असतील, तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. कारण पुढे मोडीत काढायची वेळ आली की भंगारवाल्याला त्यातले लोखंड आणि ॲल्युमिनियम हवे असते, कुजके लाकूड, फोम आणि फायबर यांची विल्हेवाट मात्र मालकाच्याच गळ्यात पडते.