24 मेचं ते डिप्रेशनच होतं, 'शक्ती' चक्रीवादळ नव्हतं

"24 मे 2025ला कोकणात 'शक्ती' चक्रीवादळ धडकलं, पण हवामान खात्याने ते दडवलं. अ‍ॅपवर वारा 65 दिसत होता, सॅटेलाइटवर चक्र फिरत होतं, मुंबई बुडाली. आणखी काय पुरावा हवा?" हा मेसेज अजूनही फिरतोय, आणि त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी वारा. आपल्याकडे समुद्रातल्या कमी दाबाच्या प्रणालीचा दर्जा ठरतो तो केंद्राभोवतीच्या वाऱ्याच्या तीन मिनिटांच्या सरासरीवर. ताशी 31 ते 49 किलोमीटर म्हणजे डिप्रेशन, 50 ते 61 म्हणजे डीप डिप्रेशन, 62 पासून चक्रीवादळ. त्या दिवशी रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं ते डिप्रेशन. अ‍ॅपवरचे 65 हे झोत, काही सेकंदांचे. शिवाय अ‍ॅप संगणकी मॉडेलचा अंदाज दाखवतं, यंत्राने मोजलेला वारा नाही. अमेरिकी संस्था तर एका मिनिटाची सरासरी धरतात, त्यामुळे त्यांचा आकडा मुळातच थोडा चढा येतो.

सॅटेलाइटच्या मुद्द्यावर माणसं सगळ्यात जास्त फसतात. आपल्या गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतातच. नुसतं फिरणं म्हणजे वादळ नव्हे. सॅटेलाइटच्या चित्रावरून ताकद ठरवायच्या ड्वोरॅक पद्धतीत ढगांचे पट्टे केंद्राला किती वेढतात आणि किती घट्ट आहेत हे बघून टी-क्रमांक देतात: 1.5ला डिप्रेशन, 2.5ला चक्रीवादळ. वरच्या थरातल्या जोरदार वाऱ्याने पावसाचे ढग एका बाजूला ढकलले की केंद्र उघडं पडतं आणि खालचं चक्र लख्ख दिसायला लागतं. पाहणाऱ्याला वाटतं वादळ जोर धरतंय; प्रत्यक्षात ते कमजोर असल्याची ती खूण असते. समुद्रात वारा मोजणारी यंत्रं मोजकीच, त्यामुळे दोन तज्ज्ञांचं अर्ध्या क्रमांकाने जुळत नाही, असं होतं. पण 1.5 आणि 2.5 यांत पूर्ण एकाचं अंतर आहे.

नावाचा दावा तर ऑक्टोबरातच निकालात निघाला. नाव ताशी 62 किलोमीटरची पातळी गाठल्यावरच मिळतं आणि चक्रीवादळांच्या नावांच्या सध्याच्या यादीतलं नाव एकदाच वापरतात. 'शक्ती' हे नाव त्याच वर्षी ऑक्टोबरात अरबी समुद्रातल्या वादळाला मिळालं. मेमध्ये ते दिलं असतं, तर तेव्हा उरलंच नसतं.

आणि दडवायचं कशाला? 1 जून 2020ला डिप्रेशन असलेल्या प्रणालीला दुसऱ्याच दिवशी याच खात्याने 'निसर्ग' नाव दिलं होतं.

मुंबईत पाणी भरलं ते 26 मेला, डिप्रेशन जमिनीवर येऊन विरल्यानंतर. आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं तो दिवस. मान्सून मुंबईत पोचल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं. पावसाच्या आकड्यावर वादळाचा दर्जा ठरत नाही. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तेव्हा कुठलंही चक्रीवादळ नव्हतं.

म्हणून मला या मेसेजची खरी काळजी वाटते. "नाव मिळालं तरच धोका" हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं डिप्रेशन कुणी मनावर घेणार नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तो वादळी वाऱ्यासाठी. त्याला चक्रीवादळ लागत नाही. तो लागला की होडी बाहेर काढायची नाही.