‘साइज वाढवायला दिली आणि हिरा बदलला’ या रिव्ह्यूला पेढीच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आज सकाळी पेढी उघडण्याआधी कामाचं रजिस्टर काढलं आणि ते समोर ठेवून पुन्हा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. आईने दिलेली अर्ध्या कॅरेटची, पांढऱ्या सोन्यातली अंगठी 12 साइजची 14 करायला तुम्ही गुरुपुष्याच्या दिवशी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या पेढीवर दिलीत. पाच दिवसांनी घेऊन गेलात. घरी पाहिलं तर हिरा निस्तेज, किंचित पिवळट, आणि कडेला एक काळा ठिपका, जो आधी कधी दिसला नव्हता. तुम्ही परत आलात तेव्हा काउंटरवरच्या मुलाने टेस्टर टेकवला, तो वाजला, आणि “हिरा खराच आहे मॅडम” म्हणून त्याने विषय संपवला. तुम्ही लिहिलंय, “खरा आहे का हे मी विचारलंच नव्हतं. माझाच आहे का, हे विचारलं होतं.”

ताई, तुमचा प्रश्न बरोबर होता आणि आमचं उत्तर चुकीचं होतं. त्या टेस्टरला फक्त एवढंच कळतं की खडा उष्णता किती झपाट्याने वाहून नेतो. मॉइसनाइट म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, त्यावरही असा टेस्टर वाजतो. लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यावर तर वाजणारच, कारण तोही हिराच असतो. तुमच्या आईचा नग, म्हणजे हिरा, काढून त्याच आकाराचा लॅबमधला नग कोणी बसवला असता, तरी टेस्टर तसाच वाजला असता. त्या आवाजाने तुमचं समाधान व्हायला नको होतं आणि झालं नाही, हे योग्यच झालं.

आता माझी बाजू. अंगठी ठाण्याबाहेर गेलेली नाही. काम पेढीच्या वरच्या माळ्यावर झालं, आणि ते करणारा कारागीर माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे आहे. नग बदललेला नाही, अशी माझी खात्री आहे. पण माझ्या कारागिराचा प्रामाणिकपणा मला माहीत आहे, तुम्हाला तो माहीत असण्याचं काहीच कारण नाही. तुमच्या हातात आम्ही काय दिलं होतं, तर एक पावती: “अंगठी 1, हिरा 1 नग”, आणि एकूण वजन. अशा पावतीवरून कुठलाही हिरा ओळखता येत नाही.

वजनाचंही सांगतो, कारण परत घेताना पुष्कळ लोक काट्यावरच विश्वास ठेवतात. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. तुमचा अर्ध्या कॅरेटचा नग म्हणजे जेमतेम 0.1 ग्रॅम. दोन साइज वाढवायच्या तर अंगठीचा घेर सुमारे 2 मिलिमीटरने वाढतो. त्यासाठी मागची दांडी कापून सोन्याचा तुकडा घालावा लागतो, डाख लावावा लागतो, मग कानस आणि पॉलिश. सोनं थोडं वाढतं, थोडं झिजतं. या उलाढालीत 0.1 ग्रॅमचा हिरा तोच आहे की दुसरा, हे पूर्ण अंगठीच्या वजनावरून कुणीही सांगू शकत नाही. हॉलमार्क आणि त्याचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांकसुद्धा, सोन्याच्या शुद्धतेपुरताच असतो. हिऱ्याबद्दल तो काही बोलत नाही.

तुम्हाला जे दिसलं त्याची कारणं काय असू शकतात, हे अंगठी डोळ्यांनी न पाहता छातीठोकपणे सांगणार नाही. पण रजिस्टरमध्ये तुमच्या नोंदीपुढे रोडियमच्या रकान्यात खूण नाही. पांढरं सोनं मुळात तितकं पांढरं नसतं, त्यावर रोडियम या पांढऱ्या चकचकीत धातूचा थर चढवलेला असतो. पॉलिशमध्ये तो थर निघतो आणि खालची पिवळट झाक उघडी पडते. हिरा ती झाक उचलतो. म्हणजे पिवळेपणाचं कारण बहुधा आमच्याकडून द्यायचा राहून गेलेला रोडियमचा थर आहे. ही चूक आमची, ते काम विनामूल्य करून देईन.

निस्तेजपणाचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे हिऱ्याच्या पोटाखाली अडकलेला पॉलिशचा मसाला. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, आणि खालून मळला की वरून कितीही पुसला तरी तो चमकत नाही. काळा ठिपकाही प्राँगच्या, म्हणजे नग पकडून ठेवणाऱ्या दातऱ्याच्या, कोपऱ्यात बसलेला तोच मसाला असू शकतो. किंवा नगाच्या आतलाच एखादा नैसर्गिक डाग, जो आधी प्राँगखाली झाकलेला होता आणि प्राँग पुन्हा दाबताना नग किंचित फिरल्यामुळे उघडा पडला.

आणखी एक शक्यता आहे, तीही लपवत नाही. हिरा म्हणजे कार्बन. उघड्या हवेत साधारण 700-800 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा पृष्ठभाग जळू लागतो आणि त्यावर दुधट धुरकटपणा येतो. म्हणून ज्योत लावण्याआधी नगाला बोरिक अॅसिड आणि स्पिरिटचा लेप देतात. तो लेप नीट बसला नसेल, तर नग तुमचाच असूनही त्याला इजा झालेली असू शकते. तसंच प्राँग जास्त दाबली गेली तर कडेला बारीक टवका उडू शकतो. यातलं काही निघालं तर नुकसान आमच्या खात्यावर. नग पुन्हा पैलू घासून घ्यावा लागला तर त्याचा खर्च आणि त्यात घटलेलं वजन, दोन्हीची भरपाई मी करीन.

आता खरा प्रश्न: नग तोच आहे, हे माझ्या शब्दाशिवाय कसं कळेल? तुमच्याकडे हिऱ्याचं लॅबचं सर्टिफिकेट आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे काम सोपं होतं. त्यावर रिपोर्टचा नंबर आहे. आधी तो लॅबच्या वेबसाइटवर स्वतः घालून पाहा, म्हणजे कागद आणि लॅबची नोंद जुळते का ते घरबसल्या कळेल. बऱ्याच नगांवर हाच नंबर लेसरने कोरलेला असतो, हिऱ्याच्या कंबरेवर, म्हणजे वरचा उतार आणि खालचा उतार जिथे मिळतात त्या बारीक कडेवर. दहापट भिंगातून, अंगठी तिरकी धरून हळूहळू फिरवली की तो दिसतो. आम्ही त्या भिंगाला आयग्लास म्हणतो. कधी नंबर प्राँगखाली लपतो, तेव्हा घाबरू नका.

पण नुसता नंबर दिसला म्हणूनही थांबू नका. नंबर दुसऱ्या नगावरही कोरता येतो. म्हणून मापं जुळवायची. सर्टिफिकेटवर गोल नगाचा कमीत कमी व्यास, जास्तीत जास्त व्यास आणि खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेली असते. अर्ध्या कॅरेटचा चांगल्या घाटाचा गोल नग साधारण 5.1 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे वरवर पाहता असे नग एकमेकांसारखेच दिसतात. पण दोन्ही व्यास, खोली, टेबलची, म्हणजे वरच्या सपाट पैलूची, टक्केवारी आणि अतिनील दिव्याखाली उमटणारी चमक, हे सगळं एकाच वेळी दुसऱ्या नगाशी जुळणं फार अवघड. आणि सर्वांत बोलका पुरावा आतल्या खुणांचा: पिसासारखी भेग, अडकलेला स्फटिक, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. त्या कुठे आणि कशा आहेत हे माणसाच्या बोटांच्या ठशांइतकं त्या त्या नगाचं असतं. काही सर्टिफिकेटवर त्यांचा नकाशाच छापलेला असतो. छोट्या नगांच्या रिपोर्टवर तो बऱ्याचदा नसतो, मग नंबर आणि मापांवर भिस्त ठेवावी लागते. तुम्हाला दिसलेला काळा ठिपका त्या नकाशावर असेल, तर तो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे.

माझी विनंती अशी. अंगठी आणि मूळ सर्टिफिकेट घेऊन या, सोबत तुमच्या विश्वासातलं कुणीतरी आणा. आधी तुमच्यासमोर अंगठी स्वच्छ करू. मग मायक्रोस्कोपखाली तुम्ही स्वतः पाहा, मी फक्त कुठे पाहायचं ते दाखवीन. तेवढ्याने समाधान झालं नाही, तर मुंबईतली कुठलीही मान्यताप्राप्त लॅब तुम्ही निवडा. मी नाव सुचवणार नाही. बसवलेल्या नगाला काही मापं अंदाजानेच घेता येतात, पूर्ण तपासणीसाठी नग कोंदणातून मोकळा करावा लागतो. तो तुमच्यासमोर काढू आणि तुमच्याच हातात देऊ. लॅबमध्ये तुम्ही द्या, तुम्हीच परत घ्या. फी माझी, निकाल काहीही लागो. नग जुळला नाही, तर तो कुणाच्या हातून बदलला हे शोधणं माझं काम. तुम्हाला त्याच दर्जाचा नग किंवा त्याची आजची किंमत मिळेल, आणि पोलिसांत तक्रार करायची असेल तर आमचं रजिस्टर आणि कॅमेऱ्याचं चित्रण मी स्वतः आणून देईन. ते चित्रण आजच वेगळं काढून ठेवलं आहे.

एक काळजी मात्र घ्या. तोपर्यंत अंगठी कुणालाही दाखवा, हवं तर दुसऱ्या सराफाकडे न्या, पण तुमच्या नजरेआड कुणालाही नग उघडू देऊ नका. एकदा तो आणखी कुणाच्या हातून निघाला की मग तुम्हाला काही सिद्ध करता येणार नाही, आणि मलाही.

तुमच्या रिव्ह्यूमुळे आजपासून काउंटरवरची पद्धत बदलली आहे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक हिऱ्याचा मायक्रोस्कोपखाली फोटो, व्यास आणि सर्टिफिकेटचा नंबर पावतीवर येईल. देताना आणि घेताना, दोन्ही वेळा गिऱ्हाईक स्वतः आयग्लासमधून पाहील आणि मग सही करील. गुरुपुष्य असो की अक्षय्य तृतीया, गर्दीला थांबावं लागेल. आजी-पणजीच्या ज्या अंगठ्यांना सर्टिफिकेट नसतं, त्यांच्यासाठी पावतीवर एक गोल काढून आतल्या खुणा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मांडू, तीनवर काय, सातवर काय. त्या अंगठ्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्यामागे कुठला कागदच नसतो.

आईने दिलेल्या वस्तूकडे पाहताना मनात शंका येणं किती त्रासाचं असतं, हे मी समजू शकतो. त्या पाच दिवसांनंतर तुम्ही पुन्हा पायऱ्या चढून आलात, तेव्हा मी आत होतो. मला बाहेर बोलवायला हवं होतं, ते झालं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, निकाल लागेपर्यंत तो तसाच राहू द्या.

मी रोज सकाळी साडेदहापासून पेढीवर असतो. दुपारी दोन ते चार गर्दी नसते आणि खिडकीपाशी उजेड चांगला असतो, तेव्हा आलात तर निवांत बसून पाहता येईल. पावती हरवली असली तरी चालेल. सर्टिफिकेट मात्र मूळ आणा, झेरॉक्सवर नकाशातल्या बारीक खुणा पुसट होतात.

आपला,
पेढीचा मालक, नौपाडा, ठाणे