रुमाल टाकून जंगल अडवणारे

शुक्रवारी रात्री साडेअकराला आम्ही डेन्व्हरला घरी परत आलो. तंबू डिकीत होता तसाच, पिशवीतून बाहेरही न काढलेला. बाबा मागच्या सीटवर कानटोपी घालून झोपून गेले होते. साताऱ्याहून सहा आठवड्यांसाठी आलेत, आणि या सगळ्या मुक्कामात त्यांनी तोंड उघडून एकच गोष्ट मागितली: "एकदा डोंगरात तंबूत झोपायचंय." तेवढं मला जमवता आलं नाही. डोक्यात तिडीक गेलीय, कारण जागा होत्या. डोळ्यांनी बघितल्या. सगळ्या अडवलेल्या.

बुकिंगचं आधी सांगतो. इथल्या नॅशनल फॉरेस्टमधल्या, म्हणजे सरकारी जंगलातल्या, बऱ्याच कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी सकाळी आठला उघडतं. म्हणजे जुलैतल्या शनिवारसाठी जानेवारीत कॉम्प्युटरसमोर बसायचं. जानेवारीत बाबांचं विमानाचं तिकीटसुद्धा काढलेलं नव्हतं! तरी बसलो होतो. आठ वाजून दोन मिनिटांनी सगळं लाल.

ठीक आहे, आधी आला त्याला मिळालं, माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून हायवे 285 ने ग्रँट गावापर्यंत गेलो आणि ग्वानेला पास या खिंडीच्या रस्त्याला लागलो. वाटेत एका कॅम्पग्राउंडमध्ये शिरलो तर चार जागा रिकाम्या. टेबल रिकामं, शेकोटीच्या कड्यात जुनी राख, आणि खांबावर रिझर्व्ह्डची चिठ्ठी. तिथली देखभाल बघणाऱ्या होस्टबाई बिचाऱ्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, बुकिंगवाला आला नाही तरी दुसऱ्या दिवशीच्या चेकआउटपर्यंत जागा धरून ठेवावी लागते, मला देता येत नाही. अरे, आपल्याकडे बर्थवर माणूस आला नाही तर टीसी आरएसीवाल्याला बोलावून देतो की! इथे रात्रभर जागा रिकामी, आणि म्हातारा माणूस गाडीत.

आणि हे न येणारे लोक कोण? वेळेत रद्द केलं तर 10 डॉलर कापून बाकीचे पैसे परत मिळतात, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढंही होत नाही यांच्याच्याने. तीन-तीन वीकेंड धरून ठेवायचे, हवा बघून एक वापरायचा, बाकीचे दोन सोडून द्यायचे. आपल्या मराठी ग्रुपवरही हे अभिमानाने सांगणारे आहेत. तुमच्या त्या "असू दे बुक केलेलं" मुळे कुणाची तरी पोरं रात्री परत घरी जातात, कळतंय का?

मग वर गेलो. कॅम्पग्राउंडच्या बाहेर रस्त्याकडेला नंबर लावलेल्या फुकटच्या जागा आहेत. तिथे नळ नाही, टेबल नाही, पण आम्हाला काय, पाणी आणि खिचडीचं सामान बरोबर होतं. तिथे काय बघितलं? ट्रेलर. माणूस नाही, खुर्ची नाही, कुत्रं नाही. नुसता कुलूप लावलेला ट्रेलर, जोडणीच्या दांड्यावर कोळ्याचं जाळं, आणि चाकांभोवती गुडघाभर वाढलेलं गवत. मुक्कामाची मर्यादा 14 दिवस असते. हा किती दिवसांपासून उभा असेल? पुढच्या जागेत तंबू, आत काही नाही, नुसता ठोकून ठेवलेला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे तसं चाललंय. त्या रुमालवाल्याला निदान त्याच गाडीने जायचं तरी असायचं.

आणखी पुढे दोन फाटे मोठे दगड टाकून बंद केलेले. बंद का होतात ते तिथेच कडेला दिसत होतं: बिअरचे कॅन, डायपर, झुडपात टॉयलेट पेपर. खड्डा खणायला एक खुरपं लागतं, तेही आणवत नाही यांना. शेकोट्यांचं तर बोलूच नका. 2016 च्या जुलैत इथल्याच, कोलोरॅडोतल्या नेदरलंड गावाजवळ एक शेकोटी नीट विझवली नाही, त्यातून आठ घरं जळली. एकाने घाण करायची, जागा बंद व्हायची, आणि उरलेल्या दोन-चार जागा या ट्रेलरवाल्यांनी दाबायच्या.

साडेनऊ वाजले. खिंडीजवळ, साडेअकरा हजार फुटांच्या वर, बाबांना दम लागायला लागला. लेक विचारत होती, "आजोबांचा तंबू कुठे लावायचा?" तिला काय सांगू? गाडी खाली वळवली. बाबा म्हणाले, "असू दे रे, चांदण्या दिसल्या की." त्याने तर जास्तच लागलं.

ट्रेलरच्या नंबर प्लेटचा फोटो काढून आणलाय, जागेच्या नंबरासकट. सोमवारी सकाळी पहिलं काम, रेंजर ऑफिसला पाठवणार. आणि येत्या बुधवारी रजा टाकून दुपारीच निघतोय, बाबांना घेऊन. त्यांचं परतीचं विमान रविवारी आहे.