पुन्हा तेच टोकदार कान

विज्ञानकथांमधले परग्रहावरचे जीव म्हणे! कान टोकदार, आयुष्य शेकडो वर्षांचं, माणसांकडे बघायची तीच थंड तुच्छता. अहो, हा फँटसी कथांमधला एल्फच आहे, यानात बसवलेला! १९६६ साली 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेत टोकदार कानांचा स्पॉक आला तेव्हा ठीक होतं, त्याच्या तर्कनिष्ठपणात गंमत तरी होती. पुढच्यांनी नुसते कान उचलले. 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळवाले निदान प्रामाणिक, १९८७ मध्ये त्यांनी ऑर्क, म्हणजे फँटसीतले ते कुऱ्हाडवाले लढाऊ राक्षस, सरळ ऑर्क म्हणूनच अंतराळात सोडले. बाकीचे मारामारीपलीकडे काही न सुचणारी टोळी दाखवतात आणि वर 'नवी प्रजाती' म्हणतात. अख्ख्या ग्रहाला एकच स्वभाव, एकच पोशाख! आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये याहून जास्त तऱ्हा दिसतात. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमने १९६१ मध्येच 'सोलारिस' कादंबरीत आख्खा महासागर परग्रही जीव केला होता. ना कान, ना कुऱ्हाड. वाचा की जरा!