‘चार वाद्यांचे ३,२०० रुपये?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या वाद्यांच्या आवाजांच्या संचाला (संगणकावर कीबोर्डने वाजवायला रेकॉर्ड केलेले सुटे आवाज) दोन स्टार दिलेत, हरकत नाही. ‘संबळाचे लूप फुकट मिळतात, इथे चार वाद्यांचे ३,२०० रुपये, वर पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) बेसूर,’ असं तुम्ही लिहिलंय. डफाच्या एका ठोक्यामागे मोटारसायकलचा हॉर्न ऐकू येतो, हे मात्र शंभर टक्के खरं. धुळ्यात रात्री दोनला रेकॉर्डिंग लावलं, तरी हायवेने गाठलंच. आणि आमच्या कानांनी ते सोडलं, ही चूक आमची. ठोका बदललाय. तुमच्या खात्यातून फाइल पुन्हा उतरवून घ्या, पैसे लागणार नाहीत.

आता किंमत. लूप म्हणजे आधीच वाजवून ठेवलेला तयार तुकडा, त्यात दुसऱ्याची चाल आहे तशी घ्यावी लागते. तुमची चाल तुम्हाला बसवायची तर एकेक ठोका सुटा लागतो. संबळाचा एकच ठोका हळू ते जोरात पाच पायऱ्यांत, प्रत्येक पायरीवर चारदा, म्हणजे २०. (एकच ठोका परत परत वाजला की शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं, म्हणून चारदा.) माइक तीन, म्हणजे ६० फायली. असे नऊ ठोके. त्यात मे महिना! दुपारी कातडं असं ताणतं की सकाळचा आणि दुपारचा ठोका एका संबळाचा वाटत नाही, म्हणून सगळं काम रात्री, पंखा बंद करून. संबळ वाजवणारे काका घामाने निथळताहेत आणि आम्ही म्हणतोय, ‘अजून एकदा काका, पण तेवढ्याच जोरात.’ वरातीत चार तास न थकणारा माणूस सुट्या ठोक्यांना वैतागला. ऐन लग्नसराईत त्यांच्या दोन सुपाऱ्या गेल्या, तेवढी बिदागी आम्ही दिली.

पावरीचं मात्र मला पटलं नाही. भोपळा, बांबू, मेण आणि पुढे शिंग. आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजणारं हे वाद्य कारागीर कानाने जुळवतो, ४४० हर्ट्झच्या, म्हणजे कीबोर्डच्या ठरलेल्या सुराच्या हिशोबाने नाही. साक्रीकडच्या दोन पावऱ्या शेजारी ठेवल्या, त्यांचाही सा जुळेना. सूर ओढून कीबोर्डवर बसवून पाहिला, तर फुंकेची घरघर गेली आणि जत्रेतली पिपाणी उरली. पण हे खरेदीच्या पानावर आधीच सांगायला हवं होतं. आज लिहिलंय, सोबत पावरीचा सा कुठल्या पट्टीच्या जवळ बसतो तेही.

तुम्ही पावरीसाठीच घेतलं असेल, तर ऑर्डर नंबर मेल करा. पूर्ण पैसे परत देतो.