म्हातारी माणसं हट्टी असतात म्हणे

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 30 फुटांवर गेल्याचा मेसेज आज दुपारी सांगलीच्या ग्रुपवर आला. खाली एकानं लिहिलं, "यंदा तरी म्हातारी माणसं वेळेत हलवा, फार हट्टी असतात." त्यावर अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

2019 ला आम्हीही हेच म्हणत होतो. 8 ऑगस्ट. गावभागातलं घर, खालचा मजला पाण्यात, आई माडीवर. सकाळीच ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेलेली, आणि संध्याकाळी आम्ही 76 वर्षांच्या बाईवर "बस की बोटीत" म्हणून ओरडतोय. भाऊ समोरून, मी पुण्याहून फोनवर. तिचं एकच, "2005 ला पाणी पायरीला लागून परत गेलं होतं." हट्टी आहे ती, मान्य. पण 2019 ला पाणी 57 फुटांच्याही वर गेलं.

शेवटी बसली. निवारा केंद्रात, एका शाळेच्या वर्गात, तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं, बाईनं पाणी प्यायचंच सोडलं होतं. तिचे गुडघे वाकत नाहीत. संडास उकिडवं बसायचा, मैदानापलीकडे, रात्री अंधार. "सारखं कुणाला उठवायचं गं?" म्हणाली.

बोटीत बसायच्या आधीच तिला हे ठाऊक होतं. बोटीवरच्या परक्या पोरांसमोर पोटच्या मुलाला ती काय सांगणार होती? आणि आम्ही त्याला हट्ट म्हणत होतो.

ती पोरं जीव धोक्यात घालून आली होती, त्यांना बोल नाही. राग आपला येतो. इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. हे आकडे धडधाकट माणसांचे आहेत! गुडघ्यांची, दम्याची, इन्सुलिनवरची माणसं त्याच्या कितीतरी आधी, कोरड्या रस्त्यानं, दिवसाउजेडी निघायला हवीत. रिक्षावरचा भोंगा ओरडून जातो. आईनं कानाचं मशीन काढून ठेवलं असेल तर तिला काय ऐकू येणार? गल्लीत कोण एकटं राहतं, कुणाला उचलून न्यावं लागेल, याची यादी मे महिन्यातच हवी. आणि प्रत्येक केंद्रात एक तरी कमोडची खुर्ची, आडोशाला पडदा. मंडपाला पैसे जमतात ना आपल्याकडे?

आम्ही तरी काय केलं म्हणा. त्या पुरानंतर दोन वर्षं खुर्ची घेतलीच नाही. 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा धावाधाव. आता ती घडीची खुर्ची दाराशी असते, शेजारी गोळ्या, चिठ्ठ्या, आधार कार्डाची पिशवी.

हे लिहायच्या आधी तिला फोन केला. "चहा झाला का?"

"अर्धा कप घेतला. पाणी वाढतंय म्हणतात ना."

अजून 30 च फूट आहे. मी उद्या पहाटेच निघतेय तिला आणायला.